डिस्लेक्सियासाठी मराठी सँडपेपर अक्षरं, घ्यावीत का?

मुलगा दुसरीत आहे, डिस्लेक्सिया निघालाय (म्हणजे हुशार असूनही अक्षरं ओळखणं, वाचणं जड जातं), तर रेमेडियल टीचर, म्हणजे अशा मुलांना वेगळं शिकवणाऱ्या बाई, म्हणाल्या म्हणून हा सेट ऑनलाइन मागवला. लाकडी पाट्या आणि त्यावर पॉलिश पेपरची कापून चिकटवलेली मुळाक्षरं, बोटाने गिरवायची. लाकूड चांगलंय, कडा घासलेल्या आहेत, कुस वगैरे लागत नाही.

पण ज्याने बनवलाय त्याने मराठी लिहिताना कधी नीट बघितलेलं दिसत नाही!! अक्षर खरखरीत आणि वरची शिरोरेषा नुसती रंगवलेली. अहो, घ आणि ध मधला, भ आणि म मधला मेन फरक तिथेच तर आहे ना, घ वर रेघ सलग जाते आणि ध ला डावीकडे तुटते, गाठ येते. पोरगं नेमकं तिथेच अडकतं, 'घर' ला 'धर' वाचतं, आणि बोटाला तिथे काहीच लागत नाही. शेवटी फेव्हिकॉलने लोकर चिकटवली सगळ्या पाट्यांवर, तेव्हा कुठे डोळे मिटून ओळखायला लागला.

काना, मात्रा, वेलांटी तर सेटमध्ये नाहीतच. खरी मारामारी तिकडेच असते. 'दिवा' मधली वेलांटी द च्या आधी दिसते पण बोलायची द नंतर, आमचा तिथे हमखास थांबतो. त्या मी घरीच कापल्या, हार्डवेअरच्या दुकानात पॉलिश पेपर स्वस्तात मिळतो.

बॉक्सवर 'डिस्लेक्सिया दूर करतो' छापलंय ते मनावर घेऊ नका, दूरबिर काही होत नाही, पण नीट शिकवलं तर वाचन सुधारतं. बघणं, ऐकणं, गिरवणं एकत्र करायची ही पद्धत ऑर्टन नावाचे डॉक्टर आणि गिलिंगहॅम या शिक्षिका यांनी अमेरिकेत १९३० च्या दशकात बसवली, आणि त्यात गिरवताना आवाज तोंडाने काढायचाच असतो. मुकाट्याने गिरवून घेतलं तर नुसती बोटं घासली जातात. हे सांगणारा एक कागद तरी आत टाकायचा ना!

आणि सेट आणला म्हणून असेसमेंट, म्हणजे तज्ज्ञांकडून तपासणी, टाळू नका हं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात लर्निंग डिसॅबिलिटी आहे, डिस्लेक्सिया त्यातच येतो, पुढे बोर्डाला जास्तीचा वेळ वगैरे हवा तर सर्टिफिकेट लागतंच.

पाचपैकी तीन स्टार. पहिली-दुसरीच्या मुलांना घ्या, मोठ्यांना नको. भाचा चौथीत आहे, त्याच्यापुढे ठेवला तर म्हणाला, मी काय बालवाडीत आहे का?