रांगतं लेकरू घेऊन क्रूझ : कोणती निवडावी, लातूरकर आईचा वापरानंतरचा अनुभव

लहान लेकरू घेऊन क्रूझला जायचं असेल तर जहाज केवढं मोठं, त्यावर घसरगुंड्या किती, रेस्टॉरंट किती, हे सगळ्यात शेवटी बघा. आधी बघायचं ते एवढंच की जहाज सुटेल त्या दिवशी आपलं लेकरू किती महिन्यांचं असेल आणि त्या वयाच्या लेकराला त्या जहाजावर नेमकं काय करता येईल. आम्ही हिवाळ्यात मुंबई-गोवा केलं आणि मग मे महिन्यात सिंगापूरहून निघणारी क्रूझ केली. थोरली साडेतीन-चार वर्षांची. धाकटा मुंबईच्या वेळी दहा महिन्यांचा होता, सिंगापूरच्या वेळी सव्वा वर्षाचा. सोबत सासूबाई. घरी येऊन आता बरेच महिने झाले. तिथला झगमगाट डोळ्यांपुढून ओसरला आहे, त्यामुळे कशानं खरंच सोय झाली आणि कशानं हाल झाले ते नीट सांगता येईल.

वयापासून सुरुवात करते. बहुतेक मोठ्या कंपन्या सहा महिन्यांच्या आतलं बाळ जहाजावर घेतच नाहीत. सलग तीन किंवा जास्त दिवस समुद्रातच राहायचं असेल, महासागर ओलांडायचा असेल, तर बाळ किमान वर्षाचं लागतं. जहाजावर दवाखाना असतो, डॉक्टर-नर्स असतात, पण तान्ह्या बाळाच्या उपचाराची खास सोय नसते, आणि भर समुद्रातून किनाऱ्यावरच्या दवाखान्यात हलवायचं म्हटलं तर वेळ लागतो. म्हणून ही अट आहे आणि ती योग्यच आहे. वय धरतात ते जहाज सुटण्याच्या दिवशीचं, बुकिंगच्या दिवशीचं नव्हे. व्हर्जिन व्हॉयेजेस आणि वायकिंग यांच्या जहाजांवर तर १८ वर्षांखालच्या कुणालाच घेत नाहीत, तेव्हा त्यांचे फोटो बघून जीव टाकू नका.

आता किड्स क्लब. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण आमच्याकडच्या एका टूरवाल्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं, ‘‘ताई, किड्स क्लब आहे, लेकरं तिथं सोडायची आणि तुम्ही निवांत फिरायचं.’’ क्लब होता, पण धाकट्यासाठी नव्हता. बहुतेक जहाजांवर किड्स क्लबात तीन वर्षं पूर्ण झालेलं आणि डायपर सुटलेलं लेकरूच घेतात. या दोन वेगवेगळ्या अटी आहेत, दोन्ही पुऱ्या व्हाव्या लागतात. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीचा नियम असाच आहे. त्यांच्या काही निवडक जहाजांवर ६ ते ३६ महिन्यांच्या बाळांसाठी वेगळं पाळणाघर असतं, पण त्याचे तासावर पैसे पडतात आणि जागा मोजक्याच असतात. डिस्नेच्या जहाजांवरही सहा महिन्यांपासूनचं पाळणाघर आहे, तेही तासाच्या हिशोबानं. कार्निव्हल दोन वर्षांपासून घेतं आणि डायपरवालं लेकरू चालतं. एमएससीच्या जहाजांवर तीन वर्षांखालच्यांसाठी बेबी क्लब असतो. नियम बदलत राहतात, म्हणून बुकिंगच्या वेळी कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा, आणि टूरवाल्याला एकच प्रश्न लेखी विचारा: ‘‘माझं लेकरू इतक्या महिन्यांचं आहे, डायपर आहे, याला आई-बापाशिवाय कुठं ठेवता येईल का?’’ उत्तर व्हॉट्सअपवर घ्या, फोनवर नको.

थोरलीला मात्र क्लब फार मानवला. पहिल्या दिवशी दारात माझा पदर सोडेना. दुसऱ्या दिवशी तिनं मलाच आत येऊ दिलं नाही, ‘‘तू जा, मी येते’’ म्हणाली. तिथल्या ताईंचं सगळं बोलणं इंग्रजीत आणि हिला घरच्या मराठीपलीकडं चार शब्द येतात, पण माती आणि रंग हातात असल्यावर तिचं काही अडलं नाही. तेवढ्या वेळात धाकटा झोपायचा आणि मी केबिनच्या खिडकीशी शांत बसायचे. त्या सुट्टीतला माझा खरा आराम तेवढाच, आणि तो पुरेसा वाटला.

पोहण्याच्या तलावाचं आधीच कळलेलं बरं. ज्या लेकराला शी-शू सांगता येत नाही, त्याला बहुतेक जहाजांच्या तलावात उतरू देत नाहीत, पोहण्याचा खास डायपर घातला असला तरीही. पाणी दूषित होऊन एकदम सगळ्यांना जुलाब लागू नयेत म्हणून ही खबरदारी आहे. काही जहाजांवर डायपरवाल्या बाळांसाठी वेगळी कारंजी, उथळ पाण्याची जागा असते. तुमचं लेकरू पाणीवेडं असेल तर जहाज या एका गोष्टीवर निवडलं तरी चालेल. आमचा धाकटा बहिणीला पाण्यात बघून काठावर हातपाय आपटत होता. त्याला केबिनमध्ये आणून टबात बसवावं लागलं.

तो टब घरूनच नेला होता, फुगवायचा. साध्या केबिनच्या न्हाणीघरात फक्त शॉवर, तोही एवढ्याशा जागेत. बादली-मग नाही, टब नाही. शॉवरची धार अंगावर आली की बाळं घाबरतात. हवा काढली की टबाची घडी होते, बॅगेत एका कोपऱ्यात मावतो. आजही धाकट्याची आंघोळ त्यातच होते आणि अजून कुठून हवा गळलेली नाही. जहाजावर मला सगळ्यात नवल वाटलं ते त्या आंघोळीच्या पाण्याचंच. मोठी जहाजं समुद्राचं खारं पाणी घेऊन त्याची वाफ करतात किंवा ते गाळणीच्या पडद्यांतून दाबून काढतात आणि गोडं पाणी तयार करतात. एप्रिल २०१६ मध्ये आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. ते दिवस काढलेल्या सासूबाई नळाखाली हात धरून बराच वेळ उभ्या होत्या.

केबिन निवडताना तीन गोष्टी बघितल्या. जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर डोलणं सगळ्यात कमी जाणवतं, म्हणून तिथली घ्यायची. डोक्यावर पोहण्याचा डेक किंवा नाचगाण्याचा हॉल नको, नाहीतर दुपारची झोप गेली म्हणून समजा. मजल्यांचा नकाशा कंपनीच्या संकेतस्थळावर असतो, खोलीच्या वर-खाली काय आहे ते त्यात दिसतं. आणि बाल्कनी घ्यायची की नाही? आम्ही घेतली नाही. अमेरिकेच्या बंदरांना लागणाऱ्या जहाजांवर कठडा किमान ४२ इंच असावा असा तिथला २०१० चा कायदा आहे, म्हणजे कठडे तसे बुटके नसतात. पण बाल्कनीत खुर्च्या असतात, टेबल असतं, आणि चढायला शिकलेलं लेकरू खुर्ची ओढून कठड्याला लावतं. ज्यांनी बाल्कनी घेतली आहे त्यांनी खुर्च्या आत आणायला सांगाव्यात. बिनखिडकीची केबिन कोंदट असेल असं वाटतं, पण दिवा मालवला की आत गुडुप अंधार होतो आणि बाळं दुपारी छान झोपतात. मुंबई-गोव्याला आम्ही तीच घेतली होती आणि लहान बाळासाठी ती स्वस्तातली चांगली सोय आहे.

बाळाचा कॉट बहुतेक ठिकाणी वेगळे पैसे न घेता मिळतो, पण मोजकेच असतात. बुकिंग करतानाच नोंदवा. आणखी एक: बाळ कडेवर असलं तरी जहाजाच्या हिशोबात ते एक पूर्ण प्रवासी असतं, कारण जीवरक्षक बोटीत त्याचीही जागा धरलेली असते. म्हणून चौघांच्या केबिनमध्ये ‘चार माणसं आणि एक बाळ’ बसत नाही, आणि बाळाचं भाडं माफ असलं तरी बंदराचे शुल्क आणि कर लागतात. ‘लहान मुलं फ्री’ ऐकून हुरळून जाऊ नका, एकूण रक्कम लिहून मागा.

खाण्याचं काय, हा आमच्याकडं पहिला प्रश्न असतो. शेजारच्या काकूंनी तर विचारलंच होतं, ‘‘लेकराला घिऊन समुद्रात कशाला निगालाव, तिथं त्येला मऊ भात कोण करून देणार?’’ करून देतात. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजावर वरण-भात, खिचडी, जैन जेवण सगळं होतं. फक्त बिनतिखटाचं हवं असेल तर आधी सांगायचं. सिंगापूरच्या जहाजावरही भारतीय जेवण होतं, पण पहिल्या रात्री सगळं झणझणीत. हेड वेटरला थांबवून सांगितलं की बाळासाठी तांदूळ आणि मुगाची डाळ, मीठ-हळद, बाकी काही नको, आणि पार मऊ शिजवा. दुसऱ्या दिवसापासून वाटीभर खिचडी झाकण घालून टेबलावर यायची, आमच्या आधी. वरून तूप आम्ही घरून नेलेलं घालायचो. घरी शिजवलेलं अन्न बहुतेक जहाजांवर नेऊ देत नाहीत, बंद पाकिटातलं बाळाचं अन्न आणि दुधाची पावडर चालते. इलेक्ट्रिक किटली, शेगडी, इस्त्री अशा तापणाऱ्या वस्तू आगीच्या भीतीनं काढून घेतात. आमच्या सिंगापूरच्या केबिनमध्ये किटली होती. नसेल तिथं थर्मास न्या, केबिन साफ करणारा दादा उकळतं पाणी भरून देतो. जेवणाच्या दोन पाळ्या असतील तर लवकरची घ्या, उशिराच्या पाळीला बाळं ताटावरच पेंगतात.

बोट लागण्याची, म्हणजे डोलण्यानं मळमळ-उलट्या होण्याची भीती बाळाच्या बाबतीत मला फार होती. डॉक्टरांनी सांगितलं की दोन वर्षांखालच्या लेकरांना सहसा बोट लागत नाही, त्रास मोठ्या मुलांना आणि मोठ्या माणसांना होतो. तसंच झालं, धाकटा खुशाल होता आणि मला एक पूर्ण संध्याकाळ मान वर करता येईना. थोरल्या लेकरांसाठी औषध न्यायचं तर बालरोगतज्ज्ञांना वजनावरून मात्रा विचारूनच न्या. हात साबणानंच धुवा आणि धुववा. जहाजावर उलट्या-जुलाबाची साथ पसरवणारा नोरोव्हायरस असतो, त्याच्यावर सॅनिटायझरचा फारसा इलाज चालत नाही. जहाजावरच्या डॉक्टरांची फी केबिनच्या खात्यावर लागते, आणि आपला घरचा मेडिक्लेम परदेशात सहसा चालत नाही. बाळाच्या नावानं वेगळा प्रवास विमा काढा.

जहाज सुटण्याआधी सुरक्षेचा सराव होतो आणि तो सगळ्यांना सक्तीचा असतो. सात छोटे भोंगे आणि एक लांब. धाकटा दचकून उठला आणि त्यानं आकाशपाताळ एक केलं. तरी मला तो सराव हवाच होता. बाळाच्या मापाचं लाइफ जॅकेट मागून घेतलं, खलाशी दादाकडून बांधायचं कसं ते शिकले आणि मग मी स्वतः त्याला एकदा घालून बघितलं. त्यानंतर रात्री झोप लागली. केबिनमध्ये बाळाचं जॅकेट ठेवलेलंच असेल असं धरून चालू नका, चढल्या चढल्या मागा.

मराठवाड्यातून जाणाऱ्यांसाठी प्रवासाचं वेगळं सांगते. लातूर-मुंबई एक्सप्रेसनं रात्री निघालं की सकाळी सीएसएमटी, आणि जिथून क्रूझ सुटते ते बॅलार्ड पिअर बंदर तिथून अगदी जवळ. पण जहाजावर घेतात दुपारी. मधला वेळ रांगत्या बाळाला घेऊन फलाटावर काढू नका, काही तासांसाठी तरी खोली घ्या, आंघोळ-झोप उरकून मगच बंदरावर जा. रांगेत उभं राहायचा त्रास तिथंच असतो. सिंगापूरसाठी आम्ही मुंबईला गेलोच नाही. निलंगा, बिदर, जहिराबाद करत गाडीनं हैदराबाद, तिथून थेट विमान. नांदेड, लातूर, धाराशिवकडच्या लोकांनी हैदराबादचा हिशोब एकदा करून बघावा. बाळाच्या पासपोर्टसाठी दोघा आई-बापांच्या सहीचं अ‍ॅनेक्शर डी, म्हणजे संमतीचं जोडपत्र लागतं, चार वर्षांखालच्या बाळाचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो सोबत न्यावा लागतो. बाळाचा पासपोर्ट पाचच वर्षांचा निघतो.

नेलेल्या सामानातलं काय टिकलं? केबिनच्या भिंती लोखंडी असतात, त्यामुळे चुंबकाचे हुक फार उपयोगी पडले. बिब, ओले कपडे, टोप्या सगळं भिंतीवर. आता तेच हुक घरी कपाटाच्या दारावर आहेत. घडीची हलकी बाबागाडी डेकवर सुरेख चालली, केबिनमध्ये मात्र घडी करूनच ठेवावी लागते. आमच्या लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारात ती काही कामाची नाही, तिथं बाळाला पोटाशी बांधायची कॅरिअर बॅगच लागते, आणि सिंगापूरच्या बंदरावर लांब रांगेतही तीच कामाला आली. डायपर मोजून लागतील त्याच्या दीडपट न्या, जहाजावरच्या दुकानात आपल्या मापाचे मिळतील याचा भरवसा नाही.

पुढचं आमच्या मनात लक्षद्वीप आहे. तिथं मोठं जहाज खोल पाण्यात नांगर टाकतं आणि बेटावर छोट्या बोटीतून जावं लागतं. डोलणाऱ्या बोटीत एका हातानं बाळ आणि एका हातानं दोर, हे मला नको. ज्यांच्याकडं दोन वर्षांखालचं लेकरू आहे त्यांनी जहाज थेट धक्क्याला लागतं अशीच बंदरं निवडावीत आणि पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असताना जाऊच नये. धाकटा तीन वर्षांचा झाला, डायपर सुटलं आणि स्वतः जॅकेट घालून बसायला लागला की डिसेंबर-जानेवारीतली तारीख बघून आम्ही लक्षद्वीपचं बुकिंग करू.