सागवानी कपाटही गेलं आणि २२,७५० रुपयेही: ‘जुन्या फर्निचरचं एन्क्लोजर करून देतो’ म्हणणाऱ्यापासून सांभाळा

पाळलेल्या सापासाठी घरातल्या जुन्या कपाटाचं एन्क्लोजर, म्हणजे काचेच्या दारांचं बंद घर, करून घ्यायला गेले आणि फसले. आधी आकडे सांगून टाकते, म्हणजे ‘किती गेले?’ हे पुन्हा पुन्हा ऐकायला नको. आगाऊ रक्कम ६,५००. टेम्पोभाडं १,८००. काच आणि सरकत्या दारांचा ट्रॅक ७,२००. सिरॅमिक हीटर आणि थर्मोस्टॅट ४,८५०. आतले सांधे सील करायचे २,४००. एकूण २२,७५० रुपये. शिवाय एक अस्सल सागवानी कपाट. त्याचे जुन्या फर्निचरवाल्याने मला १४,००० देऊ केले होते आणि ‘विकायचं नाही’ म्हणून मी त्याला वाटेला लावलं होतं. ते धरलं तर ३६,७५०.

पद्धत तुम्हाला पाठ असेलच. प्रोफाइलवर सुंदर फोटो, आधी बेताची रक्कम, मग ‘काम सुरू झालंय ताई’ म्हणत एकेक नवा खर्च, शेवटी ‘परत मिळणारं डिपॉझिट’ म्हणून ३,५००, आणि ते द्यायला नकार दिला की ब्लॉक. त्यात नवीन काही नाही, म्हणून ते उगाळत बसत नाही. मला राग याचा आहे की हा माणूस पहिल्याच फोनला ओळखता येत होता. सापाचा, सरड्याचा, कासवाचा विचार करणाऱ्या कुणालाही ओळखता आला असता.

माझ्याकडे बॉल पायथनची मादी आहे. बिनविषारी, मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, घाबरला की अंगाचा गोळा करून डोकं आत लपवणारा साप. रीतसर नोंद केलेली आहे. (ती नोंद पुढे काय कामाला आली ते सांगतेच.) पूर्ण वाढलेली मादी चार-पाच फुटांची होते. तिला साधारण चार बाय दोन फुटांचा तळ हवा, आणि माझी आता डब्यात मावेनाशी झाली होती. घरातलं जुनं कपाट आडवं केलं तर पाच फूट लांबी, पावणेदोन फूट खोली, अडीच फूट उंची मिळत होती. दोन कप्पे काढायचे, लाकडी दारांच्या जागी काच, दोन्हीकडे हवेसाठी झडपा, की झालं. हे मी स्वतः करावं, असं आता मला सगळे ऐकवतात. काच कापणं, ट्रॅक बसवणं आणि लाकडाच्या पेटीत विजेचं वायरिंग करणं ही सुट्टीच्या दुपारी करायची कामं नव्हेत. ओळखीच्या सुतारांना विचारलं, तर ‘सापासाठी’ म्हटल्यावर त्यांचे फोन लागेनासे झाले. अशा वेळी एकजण आपणहून ‘मी हेच करतो’ म्हणाला, तर त्याच्याशी बोलणं हा काही मूर्खपणा नाही.

आता तो पहिला फोन.

कपाट भरीव सागवान की वरून व्हीनियर? पाठीमागची फळी लाकडाची की प्लायची? बिजागऱ्या पितळी आहेत का? कुलूप मूळचंच आहे ना, किल्ली आहे का? ड्रॉवरच्या मुठी कशाच्या? वाळवी लागलेली नाही ना? पॉलिश शेवटचं कधी केलं? सगळीकडून फोटो पाठवा, बिजागरीचा जवळून पाठवा. मी खूश. म्हटलं, वा, लाकडाची जाण असलेला माणूस भेटला.

साप कोणता, हे त्याने विचारलंच नाही.

किती लांब, किती वयाचा, जमिनीवरचा की झाडावरचा, ओलावा किती लागतो, यातलं एक अक्षर नाही. अहो, एन्क्लोजर करणाऱ्याचा पहिला प्रश्न जनावराचा असतो, कारण त्याशिवाय पुढचं एकही माप ठरत नाही. बॉल पायथनला आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर हवी, कात टाकताना आणखी जास्त. म्हणजे झडपा बेताच्या, आतले सगळे सांधे सिलिकॉनने बंद, आणि एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) असेल तर पाणी पिऊन फुगणार. बेअर्डेड ड्रॅगन हा सरडा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातला. त्याला खेळती हवा, उन्हाच्या जागी ४० अंशांच्या आसपास उष्णता, आणि यूव्हीबी (अतिनील किरणांची) नळी पेटीच्या आतच लावावी लागते, कारण साध्या काचेतून यूव्हीबी जवळजवळ येतच नाही. झाडावर राहणारा इग्वाना सरडा असेल तर लांबीपेक्षा उंची. एकाच कपाटाची तीन वेगळी घरं होतात. जो जनावर विचारत नाही, तो घर बांधतच नसतो. तो कपाट नेत असतो, तेही तुमच्या टेम्पोभाड्यात.

हे सगळं मला तेव्हा माहीत होतं, म्हणून जास्त चीड येते. पण समोरचा माणूस तुमच्या कपाटाचं मनापासून कौतुक करत असतो, तेव्हा तो काय विचारत नाही याकडे कुणाचं लक्ष जातं? तुमचंही गेलं नसतं.

दुसरी खूण. ‘चार दिवसांत वापरायला तयार’ असं तो म्हणाला. आतून पॉलियुरेथेनचं वॉर्निश मारलं, अगदी पाण्यात मिसळणारं मारलं, तरी हाताला कोरडं लागणं वेगळं आणि पूर्ण मुरणं वेगळं. वास पूर्ण जाईपर्यंत आठवडे थांबावं लागतं. बंद उबदार पेटीत ती वाफ सापाच्या फुप्फुसात जाते. मी हे बोलले. तो म्हणाला, ‘तुम्ही म्हणाल तसं ताई.’ मग म्हणाला, आत २०० वॅटचा बल्ब टाकू, मस्त गरम राहील. लाकडी पेटीत, जाळीशिवाय, थर्मोस्टॅटशिवाय, २०० वॅट! मी त्याला समजावलं की उबदार टोक ३१ ते ३३ अंश, थंड टोक २५-२६, होल्डर चिनी मातीचा, हीटरला जाळी, कारण हे साप गरम वस्तूला बिलगतात आणि भाजेपर्यंत हलत नाहीत, आणि थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, उबदार बाजूला पक्का बसवायचा. पुन्हा तेच, ‘तुम्ही म्हणाल तसं ताई.’ आणि लगेच हीटर-थर्मोस्टॅटचे ४,८५०. म्हणजे माझ्याच शिकवणीची फी मीच भरली.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर बरं. या माणसाबद्दल मी चौकशी करायला लागले तेव्हा त्याच्याकडून कोट घेतलेल्या आणखी एकाने मला मेसेज दाखवले. ‘झडप एका बाजूला खाली आणि दुसऱ्या बाजूला वर, म्हणजे हवा आडवी फिरते.’ ‘प्रोब सैल असेल तर थर्मोस्टॅट असून नसल्यासारखा.’ ही माझी वाक्यं. शब्दन् शब्द माझी. तो आता ती पुढच्या गिऱ्हाइकाला ऐकवतोय आणि तज्ज्ञ ठरतोय. म्हणून सांगते, असल्या लोकांना शिकवू नका. प्रश्न विचारा आणि गप्प बसा. उत्तर त्याला देऊ दे.

फोटोंचंही सांगते. त्याच्या ‘आधीच्या कामां’पैकी एका फोटोत भिंतीवर सॉकेट दिसतं, दोन उभ्या फटी आणि खाली एक गोल भोक. असं सॉकेट आपल्याकडे बसवतात का? अमेरिकेतल्या कुणा हौशी माणसाच्या घरचा फोटो उचललेला. फोटोतल्या सापाकडे बघू नका, भिंतीकडे बघा. आणि चालू कामाचा व्हिडिओ मागा, त्यात आजचं काहीतरी बोलायला सांगा. मी मागितला तेव्हा ‘वर्कशॉपमध्ये नेटवर्क नाही’. नेटवर्क नव्हतं, पण क्यूआर कोड मात्र झटकन येत होते.

पैसे पाठवताना स्क्रीनवर नाव भलतंच दिसलं. ‘बायकोचं खातं आहे.’ पुढच्या वेळी तिसरंच नाव. ‘मेहुण्याचं.’ इथे थांबायचं असतं, बस.

आता यंत्रणा. पैसे गेल्यावर पहिला फोन १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, करा, लगेच, रडणं नंतर. रक्कम पुढे सरकायच्या आत खातं गोठवलं तरच काही हाती लागतं. माझ्या रकमा थोड्या थोड्या करून गेल्या होत्या आणि ‘काम चालू आहे’ असं मी समजून होते, त्यामुळे ती वेळ कधीच निघून गेली होती. बँकेतल्या साहेबांनी रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक समोर धरलं. ग्राहकाच्या नकळत झालेल्या व्यवहारांना त्यात संरक्षण आहे, तुम्ही तर स्वतः पिन टाकलात. बरोबर आहे हो. पण ज्या खात्यात पैसे गेले ते खातं कुणाचं, हे तरी विचारा म्हटलं, तर ‘ते गोपनीय आहे’. चोराची गोपनीयता जपायला सगळे तत्पर.

पोलीस ठाण्यात मात्र एक चमत्कार झाला. पहिलाच प्रश्न, ‘साप कोणता?’ जे त्या भामट्याने एकदाही विचारलं नाही, ते अंमलदारांनी तीन-तीनदा विचारलं! घरात साप? किती मोठा? विषारी? परवानगी आहे का? मी कागद काढले. बॉल पायथन साइट्सच्या (वन्य प्राण्या-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट दोनमध्ये आहे. वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्यांची नोंद बंधनकारक झाली, त्याचे नियम २०२४ मध्ये आले, नोंद ‘परिवेश’ पोर्टलवर होते. आपल्याकडचा अजगर पाळणं गुन्हा आहे, हा तो नाही. हे सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, ‘मग मॅडम, वनखात्यात जा.’ मी म्हटलं, साप घरी आहे, चोरीला कपाट गेलंय. तर म्हणे, कपाट तुम्ही स्वतःच दिलंत, चोरी कशी?

वनखात्यात गेले. त्यांनी सापाचे कागद पाहिले, ठीक आहे म्हणाले, आणि फर्निचरशी आपला संबंध नाही असं सांगितलं. खरंच नाही, त्यांना मी दोष देत नाही. पुन्हा ठाण्यात. पैसे ऑनलाइन गेले म्हणून ते सायबरचं. सायबरवाल्यांच्या मते कपाट टेम्पोने गेलं, म्हणून ते स्थानिक ठाण्याचं. एकच माणूस, एकच फसवणूक, पण दोन टेबलांमध्ये ती अशी फाटली की कुणाच्याच वाट्याला पूर्ण आली नाही. शेवटी ‘हा दिवाणी वाद आहे’. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम ३१८ आहे, विश्वासाने सोपवलेली वस्तू लाटण्याला ३१६ आहे, हे मी वाचून गेले होते. ‘मॅडम, तुम्ही वकील आहात का?’ नाही. मी फक्त फसले आहे.

हातात मिळाली अर्जाची पोच. तुमच्यावर अशी वेळ आली तर तिथेच थांबू नका. ठाण्याने गुन्हा नोंदवला नाही तर तक्रार लेखी स्वरूपात पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तशी सोय आहे. मीही ती पाठवली आहे. उत्तर आलेलं नाही.

आणि टेम्पोवाल्याचा नंबर! मी तो अर्जात ठळक अक्षरात लिहिला होता. कुणी एक फोन केला नाही. मग मीच केला. बिचारा सरळ माणूस निघाला. त्याला फोनवरून बोलावलं होतं आणि उड्डाणपुलाखाली दुसऱ्या गाडीत माल चढवून द्यायला सांगितलं होतं. वर्कशॉप वगैरे काही नाही. त्याला भाड्याचे १,००० मिळाले. माझ्याकडून १,८०० घेतले होते. टेम्पोच्या भाड्यातसुद्धा ८०० मारले. कपाट बाहेर जाताना गाडीचा नंबर, चालकाचा फोटो आणि ‘वस्तू कामासाठी दिली, विकलेली नाही’ असा सहीचा कागद घ्या. तो कागद माझ्याकडे असता तर ‘तुम्हीच दिलंत’ हे वाक्य मला ऐकावं लागलं नसतं. पण सुताराकडे खुर्ची देताना तरी असा कागद कोण करतं?

करायचंच असेल तर काम घरी करून घ्या. दार-काच-झडपा घरात बसवता येतात. जुना रंग असेल तर घासण्याआधी विचार करा, कारण रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. सिलिकॉन मत्स्यालयाचंच घ्या, बुरशीनाशक मिसळलेलं बाथरूमचं नको. ज्या कपाटात वर्षानुवर्षं डांबराच्या गोळ्या ठेवल्या असतील ते सापासाठी वापरूच नका. हीटरचे पैसे कारागिराला देऊ नका, स्वतः आणा, बिल तुमच्या नावाचं.

आता कपाटाचं वर्णन. पाच फूट उंच, दोन दारी, गडद सागवान. उजव्या दाराची मधली बिजागरी स्टीलची, बाकी सगळ्या पितळी. खालच्या ड्रॉवरच्या तळाला इस्त्रीचा तिकोनी डाग. मधल्या फळीच्या डाव्या कडेला दोन बोटं लांब चीर, पुट्टीने भरलेली. जुन्या फर्निचरच्या दुकानात किंवा ऑनलाइन कुठे दिसलं तर दुकानदाराशी भांडू नका, त्यालाही ते विकत पडलं असेल. फक्त कुणाकडून घेतलं, पैसे कोणत्या खात्यावर दिले, आणि तारीख कोणती, एवढं विचारून मला कळवा. अर्जाचा क्रमांक माझ्याकडे तयार आहे.