जुनिपर म्हणून मोरपंखीच्या फांद्या विकल्या, टेम्पोवाल्यापासून सावध राहा

गोव्यात डिचोली, साखळी, फोंडा या बाजूला छोटा टेम्पो घेऊन "ब्ल्यू कार्पेट जुनिपर" नावाची जमिनीवर पसरणारी झाडं विकत फिरणारा एकजण तुमच्या गेटवर आला तर पैसे देण्याआधी पिशवीतलं रोप उपटून मुळं बघा, आणि त्याने पुढे केलेली पिशवी नव्हे, तुम्ही बोट दाखवाल ती. आमचे ९ हजार गेले म्हणून लिहितेय.

आमच्या घरासमोर उतार आहे, खाली चिऱ्यांचा गडगा. दर पावसात माती वाहून गडग्यावरून रस्त्यावर येते आणि चवथीच्या आधी ती फावड्याने ओढायचं काम ह्यांच्याकडे असतं. त्यामुळे जमिनीलगत पसरणारं, बारा महिने हिरवं राहणारं काहीतरी तिथे लावायचं आमचं बरेच दिवस चाललं होतं. पावसाळा संपल्यावर नोव्हेंबरात हा माणूस आला. बोलायला एकदम गोड, भाभी भाभी करत मोबाईलवर फोटो दाखवायला लागला, परदेशातल्या बागा, दगडांवरून निळसर हिरवी झाडं गालिचा अंथरल्यासारखी खाली उतरलेली. फोटो खरेच होते हो. ते झाड खरंच आहे, क्रीपिंग जुनिपर म्हणतात, सुचीपर्णी आहे, उंची जेमतेम चार-सहा इंच आणि पसारा सहा ते आठ फूट. त्यातली खूप चालणारी जात ब्ल्यू रग, ती अमेरिकेतल्या मेन राज्यात व्हायनलहेवन नावाच्या बेटावर १९१४ साली सापडली. हे सगळं आता माहीत झालंय, तेव्हा फक्त फोटो बघितले.

त्याची एक गोष्ट मानली पाहिजे, तो पूर्ण खोटं बोलतच नव्हता. म्हणाला हे समुद्राकाठचं झाड आहे, जपानमध्ये बीचवर वाळूत उगवतं, खाऱ्या वाऱ्याला भीत नाही, मग गोव्यात का नाही येणार. आता जपानच्या किनाऱ्यावर वाळूत पसरणारं जुनिपर आहे, शोअर जुनिपर, हे शंभर टक्के खरं. पण तिथे थंडीत बर्फ पडतो आणि वाळूतून पाणी लगेच खाली जातं, हे तो कशाला सांगेल. अर्धं खरं ऐकलं की बाकीचं आपणच खरं धरून चालतो.

ह्यांनी विचारलं मुळं धरलीत का, तर लगेच म्हणाला बघा ना साहेब, आणि दोन पिशव्या उपटून दाखवल्या. मस्त मुळांचा गोळा, पांढरी टोकं, माती घट्ट धरलेली. मग त्या दोन पिशव्या परत टेम्पोत ठेवल्या, "ह्या म्हापशाच्या गिऱ्हाईकाच्या बुक आहेत", आणि आमच्यासाठी मागच्या रांगेतल्या उतरवल्या. ७०० सांगितले होते, घासाघीस करून ४५० वर आला, २० पिशव्या घेतल्या. पैसे फोनवरून ज्या नावावर गेले ते नाव भलतंच होतं, भावाचं आहे म्हणाला. बिल उद्या व्हॉट्सअॅपवर पाठवतो म्हणाला, ते काय आलं नाही.

जाताना लावायच्या सूचना मात्र अगदी डॉक्टरसारख्या देऊन गेला. पिशवी फाडू नका, पिशवीसकटच पुरा, मुळं डिस्टर्ब झाली की हे झाड मरतं. दोन महिने हलवून बघायचं नाही. वर शेडनेट बांधा, ऊन लागू देऊ नका, रोज सकाळ संध्याकाळ पानांवर पाण्याचा फवारा. आम्ही सगळं केलं. शेडनेटचा खर्च वेगळाच.

झाडं हिरवीगार. डिसेंबर अख्खा गेला, नाताळात पाहुणे आले त्यांनी फोटोसुद्धा काढले. जानेवारीत रंग जरा मळकट वाटायला लागला, निळेपणा गेला, मग एकेक टोक गवतासारखं पिवळट, आणि त्याला फोन केला तर बंद. तेवढ्यात भाचा आला, दापोलीला हॉर्टिकल्चर करतो, त्याने एक रोप बुंध्याला धरून हलकं ओढलं तर ते हातात आलं. मूळ एकही नाही. खाली सुरीने तिरपी कापलेली फांदी, तशा तीन फांद्या सुतळीने एकत्र बांधून, त्या आडव्या पसरलेल्या दिसाव्यात म्हणून बारीक तारेने वाकवून पिशवीतल्या लाल मातीत खोचलेल्या. वीसच्या वीस तशाच. आणि जुनिपरही नाही, आपली मोरपंखी, ती शाळेच्या नि बँकेच्या दारात असते ती. वर निळसर कसलातरी रंग फवारलेला, ओल्या फडक्याने पुसला तर फडकं निळं झालं.

भाच्याने ओळखलं कसं तर एका फांदीवर मोरपंखीचं फळ तसंच राहून गेलं होतं, छोटं, आकड्यासारखी टोकं बाहेर आलेलं. जुनिपरला तसं येत नाही, त्याला गोल बेरीसारखं येतं. ह्या पसरणाऱ्या झाडाच्याच एका भावंडाच्या बेरी जिनमध्ये घालतात, गोव्यात हल्ली उठसूट जो तो जिन काढतोय त्यातला तो वास. पान चुरडून वास घेतला असता तर कळलं असतं का, तर नाही, मोरपंखीलाही राळेसारखा वास येतो, त्यामुळे त्या परीक्षेवर जाऊ नका. फांदीचा आकार बघा. मोरपंखीचा फाटा चपटा असतो, पंखा उभा धरल्यासारखा. जुनिपरचा तसा सपाट नसतो, सगळ्या बाजूंनी भरलेला असतो.

पण मुख्य गोष्ट वेगळीच आहे आणि ती मला कोणी आधी सांगितली नव्हती. ही सुचीपर्णी जातीची झाडं मेल्यावर लगेच मेल्यासारखी दिसतच नाहीत. जास्वंदीची फांदी तोडून ठेवली तर संध्याकाळपर्यंत मान टाकते, ह्यांच्या पानांवर मेणाचा जाड थर असतो, पाणी अगदी हळू उडतं, म्हणून तोडलेली फांदी आठवडेच्या आठवडे हिरवी राहते. परदेशात नाताळला तोडून आणलेलं अख्खं झाड घरात उभं करतात ते याच जोरावर. आणि थंडीचे दिवस, वर शेडनेट, रोज फवारा, म्हणजे तोडलेली फांदी जास्तीत जास्त दिवस ताजी ठेवायची पद्धतच त्याने आम्हाला शिकवून ठेवली होती! खऱ्या क्रीपिंग जुनिपरला दिवसभर कडक ऊन लागतं, सावलीत ते विरळ होतं. सावलीत ठेवा म्हणाला तिथेच चोर पकडायला हवा, पण हे कळायला आधी जुनिपर माहीत पाहिजे ना. नखाने साल खरवडून आत हिरवं आहे का बघतात तेही इथे उपयोगाचं नाही, ताजी तोडलेली फांदी आतून हिरवीच असते. मुळं बघणं हाच उपाय. बुंध्याला धरून हलवा, खरं असेल तर मातीसकट पिशवी हलते, नुसती काडी हलली तर घेऊ नका. पिशवीच्या खालच्या भोकातून मूळ डोकावतंय का बघा.

भाचा पुढे म्हणाला, मामी, खरी असती तरी पैसे गेलेच असते, फक्त चवथीपर्यंत गेले असते. क्रीपिंग जुनिपर मूळ कॅनडा आणि उत्तर अमेरिकेच्या थंड भागातलं, उणे ३० डिग्रीत मजेत जगतं, ओली मुळं मात्र त्याला सोसत नाहीत. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर, चिकट तांबडी माती, मुळं कुजायला अजून काय पाहिजे. ऑनलाईन "ब्ल्यू जुनिपर सीड्स" म्हणून पाकिटं मिळतात त्याबद्दलही त्याने सांगितलं, ह्या नावाजलेल्या पसरणाऱ्या जाती फांदी लावूनच करतात, बियांतून तसंच झाड येत नाही. म्हणजे तेही नको.

१९१५ वर ग्राहक हेल्पलाईनला फोन लावला. त्यांनी विक्रेत्याचं नाव, पत्ता, बिल विचारलं, माझ्याकडे पैसे गेल्याचा स्क्रीनशॉट आणि एक बंद नंबर. टेम्पोच्या नंबरप्लेटचा फोटो काढून ठेवा निदान.

उतारावर आता सासूबाईंनी अबोली आणि गवती चहा लावलाय, माती बऱ्यापैकी धरलीये.

हे सगळं मी गेल्या आठवड्यात म्हार्दोळच्या मैत्रिणीला फोनवर सांगत होते तर ती म्हणाली अगं थांब, आमच्या वाड्यावर आत्ताच असला एक टेम्पो उभा आहे. मी म्हटलं मागच्या रांगेतली एक पिशवी उपट. तिने हात घातल्याबरोबर तो म्हणाला मॅडम ती विकायची नाही, आणि बाकीच्या पिशव्या आत ढकलून फळका लावून निघून गेला.