जत पास, सांगली नापास

हे परीक्षण मिसळीचं नाही, मिक्सरचंही नाही. डॉक्युमेंटेशनचं आहे. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीत (भाषेबरोबर तयार मिळणाऱ्या कोडच्या संचात) अक्षरं पारखणारी काही फंक्शन्स आहेत: इजअल्फा, इजडिजिट, इजस्पेस वगैरे. दिलेल्या मजकुरात सगळी अक्षरंच आहेत का, आकडेच आहेत का, एवढं ती हो किंवा नाही म्हणून सांगतात. त्यांची माहितीची पानं फुकट वाचायला मिळतात. फुकटच्या वस्तूला कसली नावं ठेवायची, हे आमच्या घरात बोलून झालंय. पण मी ती पानं रोज उघडते, आणि मराठीत सॉफ्टवेअर करून देणारी मी काही एकटी नाही.

माझं काम सांगलीच्या मार्केट यार्डातलं. अडत दुकानांना हिशेबाचं सॉफ्टवेअर करून द्यायचं. हळदीचा सौदा झाला की शेतकऱ्याची पट्टी निघते: वजन, दर, हमाली-तोलाई वजा जाता हातात किती. त्यावर नाव, गाव, तालुका मराठीतच लागतं.

गेल्या सीझनला एका दुकानातली पोरं घाईघाईत तालुक्याच्या रकान्यात मोबाईल नंबर टाकायला लागली. म्हटलं, सोपं आहे. एक ओळ घातली: इजअल्फा 'नाही' म्हणालं तर पट्टी पुढे सरकू द्यायची नाही. करून बघायला हाताला येईल ते टाइप केलं. माझं माहेर जत. 'जत' टाकलं, घेतलं. नंबर टाकला, अडवला. रात्री अपडेट पाठवलं आणि निवांत झोपले.

सकाळी दिवाणजींचा फोन.

"ताई, काय करून ठेवलंय ओ? सकाळधरनं नुसत्या जतवाल्यांच्याच पट्ट्या निघत्यात. तासगावची गाडी येऊन उभी हाय, तिला घेतच न्हाई."

मला वाटलं, माहेरावरून चेष्टा चाललीय.

"काका, मिरज टाकून बघा."

"न्हाई."

"पलूस?"

"न्हाई म्हणतोय की. तुमच्या माहेरचंच लाड करतंय ते."

ती ओळ काढून टाकली, तासगावची गाडी मोकळी केली, आणि मग घरी बसून एकेक तालुका टाइप केला. मिरज, तासगाव, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, वाळवा, शिराळा, पलूस, कडेगाव: नऊच्या नऊ नापास. दहावा जत तेवढा पास. मग साताऱ्याचे अकरा घेतले. तिथं एकटं फलटण पास झालं. सातारा, कराड, वाई, कोरेगाव, सगळे बाहेर.

पहिलीच्या वर्गाला शिकवलेल्या माणसाला एव्हाना कळलं असेल. जत आणि फलटण ही बिनकान्यामात्र्याची नावं. कमळ, गवत, बदक यांच्या पंगतीतली. बाकीच्या प्रत्येक नावात काना, वेलांटी, उकार, मात्रा नाहीतर अनुस्वार, काहीतरी आहेच, आणि इजअल्फाच्या लेखी यातलं काहीच अक्षर नाही.

आता प्रश्न असा, की हे डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय का? लिहिलंय. मीच वाचलं नव्हतं. इजअल्फाच्या नोंदीत म्हटलंय की युनिकोडच्या, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक आणि वर्ग देणाऱ्या मानकाच्या, यादीत ज्यांचा वर्ग 'लेटर' आहे, तेवढीच अक्षरं धरली जातात. त्या वर्गाचे पाच पोटप्रकार दोन-दोन अक्षरी खुणांनी दिलेत. आपले क, ख, ग त्यातल्या एलओ या पोटप्रकारात बसतात. वर असंही सांगून ठेवलंय, की युनिकोडच्या मानकात 'अल्फाबेटिक' नावाचा जो गुणधर्म आहे तो हा नव्हे. चूक एकही काढता येणार नाही. जुन्या खरेदीखतासारखं आहे ते: चतुःसीमा अगदी बरोबर, पण विहीर कुणाच्या वाटणीला गेली ते ज्याचं त्यानं शोधायचं.

विहीर म्हणजे इथं 'मार्क' हा दुसरा वर्ग. काना आणि दोन्ही वेलांट्या त्यातल्या एमसी प्रकारात येतात. उकार, एक मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडायची खूण एमएन प्रकारात. लेटरच्या पाच पोटप्रकारांत ही दोन्ही नावं नाहीत, म्हणून सांगली नापास. हे कळायला युनिकोडची वेगळी यादी उघडावी लागते. देवनागरीचा, तमिळचा, कन्नडचा, कुठलाही एक शब्द तिथं उदाहरणाला घातला असता तर माझी सकाळ वाचली असती.

पुढचं वाचून तर मला हसू आलं. त्याच पानावर थोडं खाली इजडिजिटची नोंद आहे, आणि तिच्यात खरोष्ठी आकड्यांचा उल्लेख आहे. खरोष्ठी! अशोकाच्या काळात वायव्येकडे चालणारी, केव्हाच वापरातून गेलेली लिपी. तिचे आकडे दशमान पद्धतीनं मांडता येत नाहीत, म्हणून इजडिजिट त्यांना हो म्हणतं आणि इजडेसिमल हे दशमान आकडे पारखणारं फंक्शन नाही म्हणतं, असा तो खुलासा. खुलासा चोख आहे. पण खरोष्ठीत पट्टी मागणारा शेतकरी काही मला अजून भेटलेला नाही.

आकड्यांच्या बाबतीत मात्र पैकीच्या पैकी. मराठी '७५' इजडिजिटला चालतं, इजडेसिमलला चालतं, आणि सरळ पूर्णांकात बदलूनही मिळतं. काही वेगळं लिहावं लागत नाही. वर चढवलेला छोटा २ इजडिजिटला चालतो, पण संख्येत बदलायला गेलं की प्रोग्राम कोसळतो. ½ फक्त इजन्यूमेरिक या तिसऱ्या, सगळ्यात सैल फंक्शनला चालतो. तिन्ही फंक्शन्समधला हा फरक त्या पानांवर नीट कळतो. आमचे दिवाणजी वहीत साडेचार अजून '४॥' असे लिहितात. एक दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा. युनिकोडच्या दृष्टीनं ते दंड विरामचिन्हं आहेत, तेव्हा तिन्ही फंक्शन्स नाही म्हणतात. यात डॉक्युमेंटेशनचा काही दोष नाही. दिवाणजींचाही नाही.

इजअल्फा सोडून मी रेग्युलर एक्स्प्रेशनकडे, म्हणजे मजकुरात ठरावीक नमुना शोधायच्या खुणांकडे गेले, ती दुसरी फसगत. शब्द शोधायची जी डब्ल्यूची खूण असते, तिच्याकडून 'सांगली'चे दोन तुकडे परत आले: 'स' आणि 'गल'. माहिती उघडली, तर ही खूण इजअलनमच्या (अक्षर किंवा आकडा आहे का, ते सांगणाऱ्या फंक्शनच्या) व्याख्येवर चालते, असं तिथं लिहिलेलं. म्हणजे फिरून त्याच गल्लीत. आणि गंमत अशी, की पायथनमध्ये व्हेरिएबलचं, म्हणजे किंमत साठवायच्या जागेचं, नाव 'सांगली' ठेवलं तर बिनतक्रार चालतं. असं नाव चालेल का ते सांगणाऱ्या इजआयडेंटिफायरला विचारा, हो म्हणेल. नावाला चालणारा काना अक्षराला चालत नाही, हे दोन नोंदी शेजारी ठेवून वाचल्याशिवाय समजत नाही, आणि त्या शेजारी ठेवलेल्या नाहीत.

तुलनेला म्हणून लिनक्सवरचं सी भाषेचं मॅन पेज, म्हणजे तिथलं माहितीचं पान घेतलं. वजनकाट्यावरचे आकडे वाचणारा माझा एक छोटा प्रोग्राम सीमध्ये आहे. ते पान रूक्ष आहे, पण जिथं पाय घसरतो तिथंच पाटी लावलेली आहे. सीचं इजअल्फा एका वेळी एक बाइट (० ते २५५ मधली एक संख्या) बघतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत ३ बाइटचं, पहिला बाइट २२४. बऱ्याच मशीनवर साधा कॅर (एक बाइट ठेवायचा सीचा प्रकार) ऋणसुद्धा असू शकतो, तिथं हाच २२४ उणे ३२ होऊन बसतो. तो तसाच फंक्शनला दिला तर पुढे काय होईल याची जबाबदारी भाषा घेत नाही. म्हणून आधी अनसाइन्ड, म्हणजे ऋण न होणारा, कॅर करून घ्या, असं पान स्पष्ट सांगतं, कारण देतं आणि दोन ओळींचं उदाहरणही देतं. मराठीला त्या फंक्शनचा उपयोग शून्य, पण ते पान मला फसवत नाही. 'सांगली' माणसाला तीन अक्षरांची, पायथनला सहा चिन्हांची आणि सीच्या लांबी मोजणाऱ्या स्ट्रलेनला अठरा बाइटची, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी भांडणं मिटतात.

रस्ट भाषेची पानं भाच्यानं दाखवली. तिथलं फंक्शन तो दुसरा, अल्फाबेटिकचा गुणधर्म वापरतं, त्यामुळे काना-वेलांटी पास आणि सांगली सुखरूप. उदाहरणात एक बदामाचं चित्र आहे आणि शेजारी विनोद: प्रेम खूप काही असेल, पण अक्षर नव्हे. मी लगेच आपलं देवनागरी 'प्रेम' एकेक चिन्ह करून तपासलं. खरंच नापास! पाय मोडायची खूण त्याही गुणधर्मात बसत नाही. त्याच कारणानं महाबळेश्वरही बाहेर.

पायथनच्या पानांना मी पाचात साडेतीन देते. खरेपणाला पाच दिले असते. कापले ते उदाहरणांच्या कंजुषीसाठी. नव्यानं मराठीचं काम धरणाऱ्यानं इजअल्फाची नोंद वाचताना युनिकोडडेटा या मॉड्यूलचं पानही शेजारी उघडून ठेवावं. मी आता प्रत्येक चिन्हाचा वर्ग त्यातल्या कॅटेगरी फंक्शनला विचारते आणि लेटर, मार्क दोन्हींना आत घेते. कुणी 'कवठे महांकाळ' तोडून लिहितं, म्हणून मधली जागाही. वीसएक ओळींत काम झालं. त्या दिवसापासून एकविसाच्या एकवीस तालुक्यांच्या पट्ट्या निघतात.

एक गोष्ट मात्र या कुठल्याच पानावर सापडली नाही. त्याच दुकानात दऱ्याप्पा नावाचे एक शेतकरी आहेत. एका पोरानं त्यांच्या नावातला अर्धा र नुक्तेवाल्या ऱ चा पाय मोडून लिहिला, दुसऱ्यानं साध्या र चा पाय मोडून पुढे न दिसणारं जोडचिन्ह घातलं. पडद्यावर दोन्ही नावं हुबेहूब सारखी. आत मात्र चिन्हं वेगळी, आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशन (वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेली तीच अक्षरं एका रूपात आणणं) करूनही ती एक होत नाहीत. 'ॲड.' लिहिणाऱ्या वकिलांचीही हीच तऱ्हा: काहींचा ॲ एकसंध, २००८ साली युनिकोडमध्ये आलेला, तर काहींचा अ वर चंद्र ठेवून केलेला. वकिलांची खाती मी हातानं जुळवली. दऱ्याप्पांची राहिलीत. एका खात्यावर त्यांच्याकडून येणं आहे, दुसऱ्यावर त्यांना देणं, आणि ते सारखे विचारतात की ताई, दुकान माझं देणं लागतंय का मी दुकानाचं?