घरी येणारे पशुवैद्य (कुडाळ–वेंगुर्ला पट्टा): आमच्या भैरूच्या शेवटच्या आजारपणातला अनुभव

आमच्या भागात कुत्र्यासाठी घरी येणारा डॉक्टर मिळणं किती कठीण, ते इथल्यांना सांगायला नको. सरकारी दवाखाना गायी-म्हशींतच बुडालेला असतो, आणि आजारी कुत्र्याला घेऊन एसटीत बसता येत नाही. म्हणून हे लिहिते आहे. डॉक्टरांचं नाव जाहीर लिहीत नाही. कुडाळ बाजारात कुठल्याही खत-औषधांच्या दुकानात विचारा, नंबर मिळेल.

भैरू घाटावरच्या कारवान जातीचा कुत्रा. उंच पाय, आत गेलेलं पोट, लांब तोंड. हे कुत्रे नाकापेक्षा नजरेने शिकार धरतात. आजोबांच्या वेळी घरात ठासणीची बंदूक होती, गावची पारध असायची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते सगळं थांबलं, पण शिकारी कुत्रा पाळायची आमच्या घराची रीत काही सुटली नाही. भैरूकडे काम राखणीचं. भात पसवलं की तो रात्री मांगरात, म्हणजे शेतातल्या खोपीत, बाबांबरोबर. रानडुकरांचा कळप कुणग्यात (भाताच्या शेतात) उतरला की गडग्यावरून, म्हणजे दगडी बांधावरून, उडी मारून असा सुटायचा की बाबांच्या बॅटरीच्या उजेडात नुसता पांढरा पट्टा दिसे.

डॉक्टरांची पहिली गाठ पडली ती डुकराने त्याला मांडीत सुळा मारला तेव्हा. जखम हातभर उघडी. डॉक्टरांनी आधी विचारलं, "जात कुठली?" आणि मग, "वजन किती?" वजन कोणाला ठाऊक! तेव्हा त्यांनी आमचा काजू तोलायचा काटा मागवला, भैरूला गोणपाटात घालून आडव्याला टांगला आणि आकडा वाचला: २६ किलो. नंतर मला समजावलं की या जातीच्या अंगावर चरबी फार कमी, त्यामुळे भुलीची काही औषधं त्यांच्यात लवकर उतरत नाहीत, कुत्रा शुद्धीवर यायला फार वेळ घेतो. म्हणून औषध वेगळं निवडायचं आणि अंदाजाने द्यायचं नाही. पडवीतच टाके घातले. भैरू उठून उभा राहीपर्यंत ते मोटारसायकलला किल्ली लावायला तयार नव्हते. तेव्हापासून आमच्या घरी दुसऱ्या कोणाला बोलावलं नाही.

यंदा पावसाळ्यात तो ढसाढसा पाणी पिऊ लागला. अंगाचं मांस उतरलं, तोंडाला लघवीसारखा वास, भाकरी समोर ठेवली की मान फिरवायचा. डॉक्टरांनी रक्त घेतलं, आणि रिपोर्ट येईपर्यंत त्याची लघवी धुताना हातमोजे घालायला सांगितले. आपल्या जिल्ह्यात पावसात लेप्टोने (लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हा आजार) माणसंही दगावतात, आणि तो कुत्र्याच्या मूत्रपिंडावर बसतो, त्यामुळे आधी तो बाद करायचा होता. लेप्टो निघाला नाही. पण क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड बिघडलं की रक्तात वाढतं ते, आठाच्या वर निघालं. मूत्रपिंडाचं पाऊण काम बंद पडेपर्यंत रक्तात हे फारसं दिसतच नाही, असं ते म्हणाले. म्हणजे आम्हाला कळलं तेव्हाच उशीर झालेला.

यानंतरचं त्यांचं वागणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. त्यांनी खोटी आशा लावली नाही. बाबांना समोर बसवून म्हणाले, "काका, बरा होणार नाही. आपण त्याचे दिवस बरे करू." मानेमागची कातडी चिमटीत धरून तिच्याखाली सलाईन कसं सोडायचं ते मला शिकवलं. पहिल्यांदा माझे हात थरथरत होते, त्यांनी आपला हात माझ्या हातावर ठेवून सुई आत घालून दाखवली. ओकारीचं औषध दिलं. त्या सलाईनवर भैरूने आणखी काही आठवडे काढले. चतुर्थीत खळ्यात (अंगणात) येऊन आरतीला बसलासुद्धा.

भात पिवळं पडलं तेव्हा त्याला उठवेना. तोंडात फोड आले, पाणीही ठरेना. बाबाच म्हणाले, "तेका आता त्रास नको." मी फोन केला.

डॉक्टर आले ते चपला खळ्याबाहेर काढून. पुढे काय काय होणार ते सगळं आधी सांगितलं: पहिलं इंजेक्शन झोपेचं, ते लागलं की दुसरं शिरेतून. डोळे उघडेच राहतील, एखादा श्वास नंतरही येईल, लघवी होईल, घाबरू नका. हे ठाऊक होतं म्हणून आम्ही त्याच्याजवळ बसू शकलो. बाबांच्या मांडीवर डोकं होतं. पुढच्या पायावरचे केस डॉक्टरांनी कात्रीने हळू कापले, जणू तो जागाच आहे. कान लावून ठोका बघितला, मग परत बघितला, आणि मगच "गेला" म्हणाले. आमच्या गावठी कुत्रीला जवळ आणून त्याचा वास घेऊ द्या, असंही त्यांनीच सांगितलं, नाहीतर ती शोधत राहते.

पुरायचं कसं हेही सांगून गेले. विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला, आणि कमरेपेक्षा खोल. कारण त्या औषधाचा अंश अंगात राहतो. कोल्ह्याने किंवा दुसऱ्या कुत्र्याने उकरलं तर तो जीवही जाऊ शकतो. मीठ घालायची पद्धत असेल तर घाला, पण खोली कमी करू नका. आमच्याकडे हातभर मातीखाली जांभा लागतो, पहारीने फोडायला दुपार गेली. वर चिरे रचले.

आता तक्रारी. डॉक्टरांकडे सोनोग्राफी, एक्स-रे नाही, त्यासाठी गोव्याला जावं लागतं. पावसात रात्री ते येत नाहीत, आणि रस्ता बघता मी त्यांना दोष देणार नाही. फोन बऱ्याचदा लागत नाही. रक्ताचे रिपोर्ट ज्या लॅबमधून येतात तिथे उशीर होतो, आणि आमचा नमुना तर एकदा तिथे खराबच झाला. फी जास्त वाटली नाही. शेवटच्या दिवशी १५०० घेतले, तेही मी हातात कोंबले म्हणून.

शेजाऱ्यांनी "कुत्रोच तो, दुसरो हाडा" (दुसरा आणा) म्हटलं. ते वाईट मनाने म्हणत नव्हते, पण बाबा त्यांच्यासमोर एक शब्द बोलले नाहीत. डुकरं परत कुणग्यात शिरली तेव्हा बाबा बॅटरी घेऊन बाहेर पडले आणि सवयीने त्याला हाक मारून बसले. त्यानंतर दोन दिवस नीट जेवले नाहीत. मी डॉक्टरांना फोनवर हे सांगितलं. संध्याकाळी ते वाटेत थांबले. बाबांशेजारी पडवीत बसून मांडीच्या त्या जखमेची गोष्ट काढली, काट्यावर टांगलेला भैरू कसा गप्प राहिला ते आठवलं. बाबा पहिल्यांदा रडले. माझ्या लेखी ही भेटसुद्धा उपचारातच मोडते, आणि तिचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

पिल्लाची घाई करू नका, काका स्वतः विषय काढतील तेव्हा बघू, असं त्यांनी मला सांगितलं आहे. तसंच करणार आहे.

ज्यांना बोलवायचं असेल त्यांनी सकाळी आठच्या आत फोन करावा, नंतर ते वाड्यावाड्यांतून फिरतीवर असतात. फोनवर कुत्र्याचं वय, खाणंपिणं, लघवी किती वेळा होते ते नीट सांगा, त्याप्रमाणे औषधं बरोबर घेऊन येतात. आणि वेळ शेवटची असेल तर खड्डा ते यायच्या आधी खणून ठेवा, आमच्यासारख्या कातळाच्या जागेत तर नक्कीच.