माद्रिदची पायी सफर: एका इमारतीपुरते तरी पैसे वसूल

लेक माद्रिदला नोकरीला आहे, म्हणून मे २०२४ मध्ये महिनाभर तिच्याकडे होते. राजवाडा, म्युझियम सगळं झाल्यावर तिनेच ही सफर बुक करून दिली. विषय राजेशाहीपासून हुकूमशाहीपर्यंतचा स्पेन. इंग्रजीतून, अडीच तास, माणशी २८ युरो. "आई, रुपयांत करू नकोस," असं तिने बजावलं होतं. केलेच. अडीच हजार!

आधी तक्रार उरकून टाकते. कानात घालायला दिलेलं यंत्र दहाव्या मिनिटाला बंद पडलं आणि दुसरं मागितलं तर जादाचं नव्हतं. नंतर मेल केली, तर उत्तर नाही. मग मी सरळ गाइडच्या पुढ्यात जाऊन चालू लागले. तिशीतला मुलगा, बोलायला खणखणीत. चौदा जणांत पहिल्या बाकावर मीच.

काये मायोर रस्त्यावर त्याने एक बाल्कनी दाखवली. ३१ मे १९०६ ला तेराव्या आल्फोन्सोच्या लग्नाची वरात इथून जात असताना मातेओ मोराल या अराजकवाद्याने वरून पुष्पगुच्छ टाकला. आत बॉम्ब. वीसच्या वर माणसं गेली. राजा-राणी वाचले, पण नवरीच्या झग्यावर रक्त उडालं. ही नवरी म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातल्या व्हिक्टोरिया राणीची नात! खाली हॉटेल आहे, लोक निवांत जेवत होते.

पण खरा माल पुएर्ता देल सोल चौकात. तिथे घड्याळाची एक इमारत आहे. नववर्षाच्या रात्री बाराच्या ठोक्यांबरोबर सगळा देश जिच्याकडे बघत बारा द्राक्षं खातो, ती. समोर शून्य किलोमीटरची पाटी, म्हणजे देशातल्या रस्त्यांची अंतरं जिथून मोजतात ती, त्यावर पाय ठेवून फोटो काढायला ही रांग. पूर्वी या इमारतीत गृहखातं होतं. १८७६ च्या राज्यघटनेनंतर कानोवासांचे पुराणमतवादी आणि सागास्तांचे उदारमतवादी आळीपाळीने सत्तेवर यायचे. राजा आधी सरकार बदलायचा, निवडणूक मागाहून, आणि ती नव्या सरकारने जिंकायची हे ठरलेलं. गृहमंत्री इथे बसून मतदारसंघांचा तक्ता भरायचा: हे घर आपलं, हे त्यांचं. गावोगावचे 'कासिके', म्हणजे दांडगे पुढारी, तो तक्ता खरा करून दाखवायचे. १८९० साली सगळ्या पुरुषांना मत मिळालं, तरी तऱ्हा तीच.

गाइडने डोक्यावरची टोपी काढली, खिशातले कागदाचे कपटे तिच्यात टाकले आणि म्हणाला, "पुचेराथो." पुचेरो म्हणजे रस्सा शिजवायचं भांडं. मतं भांड्यात लपवून ठेवायची आणि लागतील तशी पेटीत सोडायची. बाकीचे हसले. मी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली, म्हणजे निवडणुकीची ड्यूटी आलीच. सकाळी रिकामी पेटी सगळ्या एजंटांना वाकून दाखवायची, मग कागदी सील, सुतळी, लाख. ते मी त्याला हातवारे करून सांगितलं. त्याने टोपी उलटी करून रिकामी दाखवली आणि विचारलं, "असं?" हो बाबा, अस्संच.

१९०७ च्या कायद्याने तर एकच उमेदवार असेल तिथे मतदानच नको, थेट निवडून आला! 'बिनविरोध' हा शब्द मी त्याला शिकवला. कायदा तेव्हाचे पंतप्रधान आंतोनिओ माउरा यांचा. आणि गंमत बघा, १२ एप्रिल १९३१ च्या नगरपालिका निवडणुकांत मोठ्या शहरांनी राजाच्या बाजूला झिडकारलं, तेव्हा १४ तारखेला गर्दीतून वाट काढत याच दाराशी येऊन प्रजासत्ताकाच्या नावाने ताबा घेणारे मिगेल माउरा हे त्यांचेच चिरंजीव. राजा, म्हणजे वरातीतला तोच आल्फोन्सो, त्या रात्रीच कार्ताहेना बंदराकडे निघाला. नगरपालिकेच्या निवडणुकीने राजा घालवला, हे मी लेकीला दोनदा सांगितलं. १९२३ साली त्याने प्रिमो दे रिवेरा या जनरलचं बंड गोड मानून घेतलं होतं, ते लोक विसरले नव्हते.

पुढे यादवी युद्ध जिंकून हुकूमशहा झालेल्या फ्रँकोच्या राज्यात याच इमारतीत पोलिसांचं मुख्यालय, तळघरात कोठड्या. कम्युनिस्ट नेते खुलियान ग्रिमाउ १९६२ साली इथल्या खिडकीतून खाली पडले. पोलीस म्हणाले, उडी मारली. वाचले, तर २० एप्रिल १९६३ ला गोळ्या घातल्या. ती खिडकी बाजूच्या बोळात आहे, गाइडने लांबूनच हात केला. भिंतीवर नेपोलियनच्या फौजेविरुद्धच्या १८०८ च्या उठावाची पाटी आहे, २००४ च्या रेल्वेतल्या बॉम्बस्फोटांची आहे. कोठड्यांची पाटी मला कुठे दिसली नाही. सध्या तिथे माद्रिद प्रांताच्या अध्यक्षांचं कार्यालय आहे. यादवी युद्ध आणि पुढची छत्तीस वर्षं मिळून जेमतेम पंधरा मिनिटं मिळाली. पाचातला एक तारा मी तिथेच कापला.

शेवट संसदेपाशी. दारातले सिंह मोरोक्कोच्या लढाईत जिंकलेल्या तोफा वितळवून ओतलेत. १ ऑक्टोबर १९३१ ला खासदार क्लारा काम्पोआमोर आत भांडल्या आणि १६१ विरुद्ध १२१ मतांनी बायकांना मताचा हक्क मिळाला. हे आकडे मी वहीत लिहून घेतले.

जाणार असाल तर सकाळचीच वेळ घ्या, दुपारी चौकात सावली म्हणून नाही. मध्ये स्वच्छतागृहाला थांबत नाहीत, घरून जाऊन निघा. आणि यंत्र हातात पडल्यावर तिथेच उभं राहून चालू करून बघा.