जुनी ‘फोर बाय फोर’ घ्यावी का? जिप्सी, थार आणि न घेण्याचा पर्याय

वेल्हे, भोर, मुळशी किंवा तळकोकणात जमिनीचा तुकडा घेतलेल्या माणसाच्या मनात पहिला पावसाळा सरता सरता एक विचार हमखास येतो, तो म्हणजे जुनी का होईना, पण चारही चाकांना जोर देणारी गाडी आता हवी. ज्या जागी गाडी अडकल्यामुळे हा विचार येतो, ती जागा बहुधा दोनतीनशे मीटरांचीच असते. डांबरी रस्ता सोडून शेतघराकडे वळणारा चढ, त्यावर आडवा वाहणारा ओहोळ आणि वर लाल मातीचे निसरडे वळण, एवढाच तिचा विस्तार. म्हणून सुरुवात गाडीपासून न करता त्या दोनतीनशे मीटरांपासून करावी, असे माझे मत आहे. तिथे मुरूम टाकणे, पाण्याला चर काढून देणे आणि वळणावर दगडाचे सोलिंग करणे याला किती खर्च येईल, हे गावातल्या जेसीबीवाल्याला आधी विचारावे. वाट आपल्याच मालकीची असेल आणि पावसाळ्यातल्या फेऱ्या दहाबारापेक्षा जास्त होणार नसतील, तर गाडीपेक्षा रस्ता दुरुस्त करणे अनेकदा स्वस्त पडते आणि त्याचा उपयोग शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरलाही होतो. वाट दुसऱ्याच्या रानातून जात असेल, चढ तीव्र असेल किंवा आपण वर्षभर तिथेच राहणार असू, तरच पुढचा हिशेब मांडण्यात अर्थ आहे.

त्या हिशेबातही एक गैरसमज आधी दूर करावा लागतो. साध्या फोर बाय फोरमध्ये जोर पुढच्या आणि मागच्या दोन्ही धुऱ्यांपर्यंत पोचतो हे खरे, पण प्रत्येक धुऱ्यावरचा डिफरेन्शिअल, म्हणजे आपल्या मिस्त्रींच्या भाषेत क्राउन, तो जोर कमी अडथळा असलेल्या चाकाकडे सोडतो. परिणामी पुढचे एक आणि मागचे विरुद्ध बाजूचे एक चाक अधांतरी झाले, की ती दोनच चाके गरगर फिरत राहतात आणि गाडी जागची हलत नाही. शिवाय टायर गुळगुळीत असतील तर चारही चाके एकत्र घसरतात. जांभ्याच्या खडकाळ वाटेवर साधे, पण चांगल्या नक्षीचे टायर पुरतात. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या मातीत मात्र पाऊस पडून गेल्यावर ती माती नक्षीत बसून टायरचा लाडू करते, आणि अशा रानात कोणत्याही जुन्या गाडीपेक्षा ट्रॅक्टरच बरा.

एवढे समजून घेऊनही गाडी हवीच असेल, तर परवडणाऱ्या किमतीत मुख्य लढत मारुती जिप्सी आणि २०१० ते २०२० या काळातली जुनी महिंद्रा थार या दोघींमध्ये असते.

जिप्सी १९८५ मध्ये ९७० सीसीच्या छोट्या पेट्रोल इंजिनासह आली. १९९६ मध्ये १२९८ सीसीची ‘किंग’ आली आणि २००० च्या सुमारास तिला सोळा व्हॉल्व्हचे, इंधन फवारणारे इंजिन मिळाले. आज घ्यायची असेल तर या शेवटच्या पिढीतलीच शोधावी, कारण त्याआधीच्या कार्ब्युरेटरच्या गाडीत वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल भरायचे म्हणजे रबरी नळ्या आणि सील यांची काळजी स्वतः घ्यायची. जिप्सीचे खरे बळ तिच्या वजनात आहे. टनाच्या आसपास वजन असल्यामुळे जड गाडी जिथे रुतते तिथून ती अलगद निघून जाते, आणि अडकलीच तर चार माणसे तिला ढकलून बाहेर काढू शकतात. तिची यंत्रणा इतकी सरळ आहे की तालुक्याच्या गावचा फिटरही ती उघडून पुन्हा बसवतो. या गुणांची किंमत मात्र रोज मोजावी लागते. चारही बाजूंना पाटे असल्याने मागच्या बाकावरच्या माणसाला प्रत्येक खड्डा कळतो, वातानुकूलन नसणे हाच नियम आहे, आणि पुणे ते सावंतवाडी हा प्रवास त्यात एकदा केलेला माणूस दुसऱ्यांदा रेल्वेचे तिकीट पाहतो. बऱ्याच जिप्सींमध्ये पुढच्या चाकांचे हब, म्हणजे मधले भाग, हाताने फिरवून लॉक करावे लागतात. तेवढे विसरले, तर फोर बाय फोरचा लिव्हर टाकूनही पुढची चाके मोकळीच राहतात आणि चिखलात उतरून हब फिरवायची वेळ येते.

जुन्या थारमध्ये पाहायची ती सीआरडीई ही आवृत्ती. तिचे अडीच लिटरचे डिझेल इंजिन १०५ अश्वशक्ती देते, आणि कमी वेगातच मिळणारा त्याचा जोर भरलेल्या गाडीने चढ चढताना जाणवतो. त्याच नावाने विकली गेलेली डीआय थार ६३ अश्वशक्तीची होती आणि ती फक्त मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या रूपातही मिळत असे, त्यामुळे जाहिरातीत केवळ ‘थार’ लिहिलेले पाहून निघू नये. नव्या थारबाबतही हा धोका आहेच, कारण २०२३ पासून तिचीही दोन चाकांवर चालणारी आवृत्ती रस्त्यावर आहे. जुन्या सीआरडीईमध्ये २०१५ च्या बदलांनंतरची गाडी मिळाली तर थोडे अधिक पैसे द्यावेत. त्या वर्षी मागच्या धुऱ्यावर आपोआप लॉक होणारा डिफरेन्शिअल आला आणि वर सांगितलेली अधांतरी चाकाची अडचण निम्मी कमी झाली. तिची उणी बाजू वजन ही आहे. दीड टनाहून जड असलेली ही गाडी दलदलीत रुतली, तर ट्रॅक्टर बोलावल्याशिवाय निघत नाही. पुढचे सस्पेन्शन स्वतंत्र प्रकारचे असल्याने रस्त्यावर ती जिप्सीपेक्षा शांत चालते, पण हौशी मालकाने गाडी उंच करून घेतली असेल तर पुढच्या धुऱ्यांचे सांधे तिरक्या कोनात काम करतात आणि लवकर झिजतात. उंच, रुंद टायरांची, पुढे विंच, म्हणजे ओढायची चरखी, लावलेली थार फोटोत देखणी दिसते, पण घेणाऱ्याने तिच्यापासून चार हात लांब राहावे.

सुरक्षिततेत दोघीही सारख्याच मागे आहेत. दोन्हींत एअरबॅग नाहीत आणि दोन्हींत मागची बाके बाजूला तोंड करून बसायची आहेत. लहान मुलांना नियमितपणे न्यायचे असेल, तर माझ्या दृष्टीने दोघीही बाद ठरतात. त्याऐवजी बजेट ताणून ऑक्टोबर २०२० नंतरची, ग्लोबल एनकॅपच्या अपघात चाचणीत चार तारे मिळवलेली थार किंवा २०२३ मध्ये आलेली पाच दारांची जिम्नी वापरलेल्या स्थितीत शोधावी. जिम्नी फक्त पेट्रोलवर चालते, पण भारतातली प्रत्येक जिम्नी फोर बाय फोरच आहे. टाटा सफारी स्टॉर्म आणि स्कॉर्पिओच्या जुन्या फोर बाय फोर गाड्या लांबच्या प्रवासाला आरामशीर आहेत, मात्र त्यांत जोर बदलणारी यंत्रणा विजेच्या बटणावर चालते. वर्षानुवर्षे ते बटण कोणी दाबलेच नसेल, तर ऐन वेळी मोटर अडते. २०२१ नंतरच्या नव्या सफारीत तर फोर बाय फोर नाहीच.

गाडी प्रत्यक्ष पाहताना बहुतेक जण इंजिनाचा आवाज ऐकतात आणि रंग पाहतात, पण या जातीच्या गाडीचे आयुष्य खाली असते. रॅम्पवर चढवून दाखवायला मालक तयार नसेल, तर बोलणे तिथेच थांबवावे. चेसिसच्या उभ्या पट्ट्या मागच्या चाकांच्या वर आणि पाटे अडकवलेल्या जागी हातोडीने हलक्या ठोकून पाहाव्यात. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, किंवा ताज्या काळ्या रंगाचा जाड थर दिसला, तर आत गंज आहे असे धरून चालावे. समुद्राच्या खाऱ्या हवेत वाढलेल्या गाडीत हे हमखास सापडते. पुढच्या आणि मागच्या क्राउनचा तेलाचा बोल्ट सैल करून थोडे तेल बाहेर घ्यावे. ते दुधाळ असेल तर गाडी खोल पाण्यातून गेलेली आहे आणि बेअरिंगचा खर्च दारात उभा आहे. यानंतर मातीच्या मैदानावर फोर बाय फोरचे हाय आणि लो दोन्ही गिअर टाकून वीसतीस मीटर पुढे-मागे चालवावी. कोरड्या डांबरावर ही परीक्षा घेऊ नये, कारण या गाड्यांत मधला डिफरेन्शिअल नसल्याने वळताना सांध्यांवर ताण साठतो आणि चांगली गाडीही कुरकुरते. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले आहेत का, हेही पाहावे. दोन नवे आणि दोन जुने टायर घालून फोर बाय फोर वापरणाऱ्या मालकाने ट्रान्सफर केसचे, म्हणजे दोन्ही धुऱ्यांना जोर वाटणाऱ्या पेटीचे, हाल केलेलेच असतात.

कागदपत्रांत घाई करू नये. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणीसह नूतनीकरण करावे लागते. एप्रिल २०२२ मध्ये मोटारीसाठी त्याचे शुल्क ५,००० रुपये झाले होते आणि महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर वेगळा पडतो. राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली परिसरातल्या दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम ठेवली, आणि तिकडच्या जुन्या डिझेल गाड्या इतर राज्यांत स्वस्तात विकल्या जाऊ लागल्या. अशी गाडी स्वस्त दिसली तरी तिकडचे ना-हरकत पत्र, इथला रोड टॅक्स आणि नव्याने पासिंग हा खर्च मिळवूनच किंमत ठरवावी. ‘मिलिटरी डिस्पोजल’ म्हणून मिळणाऱ्या जिप्सीचे लिलावाचे मूळ कागद पाहिल्याशिवाय विसार देऊ नये. एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या पंधरा वर्षांवरील वाहनांचे नूतनीकरण थांबले आहे, त्यामुळे ‘सरकारी खात्याची, एकहाती चाललेली’ ही जाहिरात आता कौतुकाची राहिलेली नाही. आरसी बुकातला रंग, छताचा प्रकार आणि आसनसंख्या समोरच्या गाडीशी जुळलीच पाहिजे, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार परवानगीशिवाय केलेला बदल पुढच्या तपासणीत नव्या मालकालाच निस्तरावा लागतो.

चालू खर्चात विम्याचा फरक अनेकांच्या लक्षात येत नाही. जून २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार त्रयस्थ विम्याचा वार्षिक हप्ता हजार ते दीड हजार सीसीच्या मोटारीला ३,४१६ रुपये आणि त्यावरच्या मोटारीला ७,८९७ रुपये आहे. म्हणजे जिप्सी आणि जिम्नी पहिल्या गटात बसतात, तर सीआरडीई थार दुसऱ्यात. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, घेणाऱ्याला मिळत नाही, हेही घासाघीस करताना लक्षात असावे.

माझा कौल विचाराल, तर शेतावरच राहणाऱ्या, स्वतः पाना हातात घेणाऱ्या आणि महिन्याला दोनतीनशे किलोमीटरच चालवणाऱ्या माणसाने २००० नंतरची, गंज नसलेली जिप्सी घ्यावी. पुण्या-मुंबईहून दर पंधरवड्याला घाट उतरून खताची पोती आणि दोन माणसे नेणाऱ्याला २०१५ नंतरची सीआरडीई थार अधिक उपयोगी पडेल, मात्र ती उंच केलेली नसावी आणि किमतीचा पाचवा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेला असावा. घरात एकच गाडी असेल आणि तीच ऑफिसला, शाळेला आणि शेताला जाणार असेल, तर या दोघींपैकी एकही घेऊ नये. आहे त्या गाडीला चांगले टायर घालावेत आणि उरलेल्या पैशांत पावसाआधी मुरमाच्या चार ट्रॉल्या टाकून घ्याव्यात.